नाक गाढवाचं, नंबर माणसाचा!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एका शर्यतीचे नियम सांगतो. शर्यत कसली, ते ओळखायचं काम तुमचं.

अंतर सुमारे २९ मैल, म्हणजे जवळजवळ ४७ किलोमीटर. वाट डोंगराची, दगडगोट्यांची. तुमच्याबरोबर एक भिडू असणार. भिडूच्या पाठीवर १५ किलोंचं ओझं. तुमच्या हातात एक दोरी आणि तिचं दुसरं टोक भिडूच्या म्होरकीला. तुम्ही भिडूला ओढू शकता, मागून ढकलू शकता, अंगात तेवढी ताकद असली तर चक्क उचलूनही घेऊ शकता! पण त्याच्या पाठीवर बसलात की बाद. आणि सगळ्यात गंमत म्हणजे तुम्ही अंतिम रेषेपलीकडे पोचलात म्हणून काही जिंकलात असं होत नाही. भिडूचं नाक रेषेपलीकडे गेलं पाहिजे.

ओळखलंत? हा भिडू म्हणजे गाढव!

हसू नका. ही शर्यत अगदी खरीखुरी आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फेअरप्ले नावाचं एक छोटंसं गाव आहे. (फेअरप्ले म्हणजे न्यायानं खेळणं. शर्यतीच्या गावाला याहून चांगलं नाव कुणाला सुचलं असतं?) १९४९ साली ही शर्यत सुरू झाली. जुलैच्या अखेरीस तिथे गाढवांचा उत्सव भरतो आणि जागतिक अजिंक्यपदासाठी माणसं आणि गाढवं जोडीनं पळतात. २०१२ साली तर कोलोरॅडोच्या विधिमंडळानं गाढवांबरोबरच्या या शर्यतीला राज्याचा उन्हाळी वारसा-खेळ म्हणून मान दिला.

आता थोडी उंची मोजू या. आपलं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, १,६४६ मीटर. फेअरप्ले गावच मुळी ३,००० मीटरांपेक्षा जास्त उंचीवर वसलेलं आहे. आणि शर्यत तिथून वर चढत चढत मॉस्किटो पास नावाच्या खिंडीपर्यंत जाते आणि परत येते. मॉस्किटो म्हणजे डास, तेव्हा आपण तिला डासखिंड म्हणू. ही डासखिंड आहे ४,००० मीटरांहून थोडी जास्त उंच. तिथे श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं जेमतेम साठ टक्के. चालतानाच धाप लागते, तिथे ही मंडळी पळतात! ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी १५ मैलांची छोटी शर्यतही असते.

पण मुळात गाढवंच का? घोडे का नाहीत?

त्याचं उत्तर आहे सोन्यात. १८५९ च्या सुमारास या डोंगरांत सोनं सापडलं आणि हजारो माणसं नशीब काढायला तिकडे धावली. अशा भटक्या खाणकऱ्यांजवळ पैसा कमी आणि सामान जास्त. डोंगरातल्या अरुंद, निसरड्या पायवाटांवर ते सामान वाहायचं कुणी? गाढवांनी! गाढव कमी खातं, मिळेल ते झुडूप चघळतं, पाय जपून टाकतं. तेव्हा एकेका खाणकऱ्याबरोबर एकेक गाढव दिसायचं. तिथल्या लोकांनी गाढवाला नावही स्पॅनिश भाषेतलं दिलं, बरो. कारण गाढवं अमेरिकेत आणली ती स्पॅनिश लोकांनी, सोळाव्या शतकात. त्याआधी त्या खंडात गाढव हा प्राणी नव्हताच.

शर्यतीच्या जन्माची एक दंतकथा सांगतात. दोन खाणकऱ्यांना म्हणे एकाच जागी सोनं सापडलं. जो आधी गावात पोचून सरकारी वहीत नोंद करील, सोनं त्याचं! दोघंही सुटले. पण गाढवांच्या पाठीवर कुदळ-फावड्यांचं ओझं, मग बसणार कुठे? दोरी धरून पळत सुटण्यावाचून इलाज नव्हता. गोष्ट खरी असो वा नसो, शर्यत मात्र सुरू झाली ती अगदी व्यवहारी कारणानं. खाणी थंडावल्या होत्या. गावात पाहुणे यावेत, दुकानं चालावीत, म्हणून लेडव्हिल आणि फेअरप्ले या दोन गावांच्या मधली डासखिंड ओलांडायची शर्यत १९४९ साली ठेवली गेली. पहिलं बक्षीस होतं ५०० डॉलर.

म्हणूनच आजही शर्यतीतल्या गाढवाच्या खोगिरावर तीन वस्तू असाव्याच लागतात. कुदळ, फावडं आणि सोनं गाळायची परात. ओझं एकूण ३३ पौंड, म्हणजे आपले १५ किलो. सामान कमी भरलं तर फसवणूक होते, म्हणून वजन करून बघतात.

बाकीच्या नियमांकडे आता जरा बारकाईनं बघा. दोरी जास्तीत जास्त १५ फुटांची. गाढवाला टोचायला सुई नाही, विजेचा झटका देणारी काठी नाही, दंडुका नाही, चाबूक नाही, कसलंही उत्तेजक औषध नाही. शर्यतीआधी जनावरांचे डॉक्टर गाढवाला तपासतात. कुणी गाढवाचे हाल केले तर तो शर्यतीतून बाद. गाढव हातातून सुटून पुढे पळालं तर? मग त्याला पकडायचं, आणि जिथे सुटलं होतं त्याच जागी मागे आणून तिथून पुन्हा पळायला लागायचं! नाहीतर काय झालं असतं, सांगा बघू. लोकांनी गाढवाला मोकळं सोडून दिलं असतं आणि आपण मागून रमतगमत गेले असते.

यातला मला सर्वांत आवडलेला नियम म्हणजे नाकाचा. गाढवाचं नाक रेषेपलीकडे गेलं की शर्यत संपली. विचार करा, तुम्ही ४७ किलोमीटर पळत आलात. रेषा पाच पावलांवर आहे. लोक टाळ्या वाजवताहेत, बँड वाजतोय. आणि त्या बँडच्या आवाजानं तुमचं गाढव कान टवकारून जागच्या जागी उभं! तुम्ही रेषेच्या पलीकडे, दोरी ताणलेली, गाढव अलीकडे. मागून दुसरी जोडी येतेय. आता काय करणार? 'अडला हरी, गाढवाचे पाय धरी' ही म्हण तिकडे कुणाला ठाऊक नसेल, पण तिचा अनुभव मात्र पुष्कळांनी घेतलेला असणार.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण गाढवाला हट्टी म्हणतो, मठ्ठ म्हणतो. वर्गात कुणाला गणित आलं नाही की पहिला शब्द कोणता निघतो ते तुम्हाला माहीतच आहे! पण गाढव थांबतं ते मठ्ठपणानं नव्हे. घोडा हा मोकळ्या गवताळ मैदानावरचा प्राणी. भीती वाटली की तो आधी पळतो आणि मग विचार करतो. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतल्या खडकाळ वाळवंटातले. तिथे डोळे मिटून पळालं तर पाय मोडायचा. म्हणून गाढव आधी थांबतं, बघतं, हुंगतं. समोरचं पाण्याचं डबकं किती खोल आहे? लाकडी पूल वजन पेलेल का? त्याची खात्री पटली तर ते निघतं. नाही पटली तर तुम्ही ओढा, रडा, गाणं म्हणा, काही उपयोग नाही. अशा वेळी चाबूक मारला तर गाढवाला एवढंच कळतं की इथे खरंच काहीतरी भयंकर आहे. मग ते आणखी घट्ट उभं राहतं.

त्यामुळे ही शर्यत जिंकणारे लोक नुसते वेगवान असून भागत नाही. ते वर्षभर आपल्या गाढवाबरोबर पळायचा सराव करतात. त्याला डबकी दाखवतात, पूल दाखवतात. काही जण दोरी धरून गाढवाच्या मागे राहतात, कारण मागून कुणी येत असलं की गाढवाला पुढे जावंसं वाटतं. गाढवाला संगतही लागते. पुढे चार गाढवं पळताना दिसली की तेही उत्साहानं पळतं, आणि ती थांबली की हेही थांबतं! आपल्याकडे लहान मुलं गाढवाच्या शेपटीला डबा बांधून त्याला पळवतात. तसं भीतीनं पळवलेलं गाढव शंभर-दोनशे पावलं पळेल. ४७ किलोमीटर नाही पळणार. चाबकाला बंदी घालणारा नियम म्हणूनच नुसत्या दयेपोटी आलेला वाटत नाही मला. शर्यत पुरी करायला तोच उपयोगी पडतो.

फेअरप्लेच्या मुख्य रस्त्यावर एका गाढवाचं स्मारकसुद्धा आहे, बरं का. त्या गाढवाचं नाव प्रून्स, म्हणजे सुकवलेलं आलुबुखार. खाणींत सामान वाहून वाहून म्हातारा झालेला हा प्रून्स पुढे गावात दारोदार हिंडायचा आणि लोक त्याला खाऊ घालायचे. तो १९३० साली मेला, तेव्हा त्याचं वय ६३ वर्षं होतं असं सांगतात. त्याच्या म्हाताऱ्या मालकानं सांगून ठेवलं होतं की माझी राख माझ्या गाढवाजवळच ठेवा. पुढच्याच वर्षी तो मालकही गेला आणि गावानं त्याची इच्छा पाळली.

पण सगळ्याच गाढवांच्या नशिबी प्रून्ससारखं गाव नव्हतं. आणि इथून आपली गोष्ट डोंगर उतरून वाळवंटात जाते.

सोनं-चांदी संपली. आगगाड्या आल्या, मोटारी आल्या. खाणकरी आपल्या गाठोड्यासह निघून गेले आणि गाढवांना सोडून गेले. नेवाडा, अॅरिझोना, कॅलिफोर्निया या भागांतल्या तापलेल्या माळांवर ही गाढवं मोकाट हिंडू लागली. आपले पूर्वज वाळवंटातले आहेत हे त्यांचं शरीर विसरलं नव्हतं. शरीराच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी कमी झालं तरी गाढव तग धरतं आणि पाणी मिळालं की पाच मिनिटांत ती सगळी भर काढतं! त्याचे लांब कान अंगातली उष्णता बाहेर टाकायला मदत करतात. ही गाढवं तिथे जगली, वाढली, त्यांना पिल्लं झाली. ज्यांना जन्मात कुणी दोरी लावली नाही अशी गाढवं झाली. ही जंगली गाढवं.

त्यांच्याबरोबरच मोकाट घोडेही होते. आणि दोघांच्याही मागे माणसं लागली. विमानानं हाकायचं, ट्रकनं पाठलाग करायचा, दमवून पकडायचं आणि कत्तलखान्यात विकायचं. पुष्कळसं मांस जायचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या डब्यांत.

१९५० साली नेवाडातल्या रेनो शहराजवळ एक बाई आपल्या मोटारीनं कामावर चालल्या होत्या. त्यांचं नाव वेल्मा जॉन्स्टन. लहानपणी त्यांना पोलिओ झाला होता. एका कचेरीत त्या सेक्रेटरीचं काम करायच्या. पुढे चाललेल्या एका ट्रकमधून रक्त ठिबकताना त्यांना दिसलं. त्या ट्रकच्या मागे गेल्या. आत कोंबलेले, जखमी झालेले मोकाट घोडे होते आणि ट्रक चालला होता कत्तलखान्याकडे.

दुसरं कुणी असतं तर हळहळून कामावर गेलं असतं. वेल्माबाईंनी माहिती गोळा करायला सुरुवात केली. फोटो जमवले, सभांमध्ये बोलल्या, पत्रं लिहिली. विरोधकांनी त्यांना चिडवायला नाव ठेवलं, 'वाइल्ड हॉर्स अॅनी'. बाईंनी ते नाव आनंदानं स्वतःला लावून घेतलं! १९५९ साली अमेरिकेच्या संसदेनं पहिला कायदा केला. सरकारी जमिनीवरच्या मोकाट घोड्यांना आणि गाढवांना विमान किंवा मोटारीनं हाकून पकडायचं नाही आणि त्यांना पकडण्यासाठी पाणवठे दूषित करायचे नाहीत. लोक या कायद्याला वाइल्ड हॉर्स अॅनीचाच कायदा म्हणू लागले.

पण पाठलाग थांबला तरी संरक्षण कुठे होतं? ती गाढवं कुणाचीच नव्हती. आणि जे कुणाचंच नाही ते कुणीही न्यावं, असा जगाचा रिवाज. मग वेल्माबाईंच्या मदतीला एक वेगळीच फौज आली. ओळखा कोण? शाळेतली मुलं! ठिकठिकाणच्या मुलांनी खासदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली. हातानं, पेन्सिलनं, चित्रं काढून. या लढाईला 'पेन्सिलींचं युद्ध' असंच नाव पडलं. त्या काळात अमेरिका व्हिएतनाममध्ये युद्ध करत होती. ते युद्ध सोडलं तर दुसऱ्या कुठल्याच विषयावर संसदेकडे एवढी पत्रं गेली नव्हती, असं सांगतात. १९७१ साली संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मोकाट घोडे आणि गाढवांच्या रक्षणाचा कायदा केला. विरोधात एकही मत पडलं नाही. १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. कायदा मोडणाऱ्याला २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता खरी मजा ऐका. हा कायदा टिकणार की नाही याची परीक्षा झाली ती घोड्यांमुळे नव्हे, गाढवांमुळे! १९७४ साली न्यू मेक्सिको राज्यात एका गुरं पाळणाऱ्यानं तक्रार केली की जंगली गाढवं माझ्या गुरांच्या चाऱ्यात तोंड घालतात, गुरांना त्रास देतात. राज्याच्या पशुधन मंडळानं लगेच जाऊन सरकारी जमिनीवरची १९ गाढवं पकडली आणि लिलावात विकून टाकली. केंद्र सरकार म्हणालं, 'ही गाढवं आमच्या कायद्याखाली आहेत, परत आणा.' राज्य म्हणालं, 'आमच्या राज्यातल्या जनावरांवर तुमचा काय अधिकार?' भांडण कोर्टात गेलं, वर वर चढत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९७६ साली न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की सरकारी जमिनीवरच्या वन्य प्राण्यांचं रक्षण करायचा अधिकार केंद्राला आहे. वकील होऊ इच्छिणाऱ्या ताई-दादांनी हा खटला लक्षात ठेवावा. आजही तिकडच्या कायद्याच्या पुस्तकांत तो शिकवतात. एकोणीस गाढवांनी घडवलेला निकाल!

गोष्ट इथे संपवली असती तर 'आणि सगळे सुखानं राहू लागले' असं म्हणता आलं असतं. पण तसं झालेलं नाही, आणि ते तुमच्यापासून लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही.

जिथे शिकार थांबते तिथे कळप वाढतात. मोकाट गाढवांचा कळप एका वर्षात पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढू शकतो. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट! गणित करून बघा. वाळवंटात चारा आणि पाणी किती, तर मोजकं. तेच पाणी जंगली मेंढ्यांना हवं, तोच चारा वाळवंटातल्या कासवांना हवा. आणि हे प्राणी तर तिथले मूळचे रहिवासी, गाढवं माणसानं आणलेली. मग कुणाची बाजू घ्यायची?

ग्रँड कॅन्यन ही जगप्रसिद्ध दरी तुम्ही चित्रात पाहिली असेल. ती राष्ट्रीय उद्यानात येते आणि १९७१ चा कायदा राष्ट्रीय उद्यानांना लागू नाही. दरीतली गाढवं झाडझाडोरा उद्ध्वस्त करताहेत, म्हणून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घालायचं ठरवलं. तेव्हा क्लीव्हलँड अॅमरी नावाचे लेखक पुढे आले. ते म्हणाले, 'मारू नका, आम्ही काढून नेतो.' पण दीड किलोमीटर खोल दरीतून गाढवं वर काढायची कशी? हेलिकॉप्टरनं! १९७९ ते १९८१ या काळात ५७७ गाढवं जाळ्यातून एकेक करून आकाशमार्गानं वर आणली गेली. डोळ्यांसमोर आणा, खाली लाल दरी, वर निळं आकाश आणि मध्ये जाळ्यात लोंबकळणारं, लांब कानांचं, गोंधळलेलं गाढव! अॅमरींनी त्यांच्यासाठी टेक्सासमध्ये खास जागा घेतली आणि बऱ्याच गाढवांना लोकांनी घरी नेलं.

इकडे शास्त्रज्ञांना २०२१ साली आणखी एक नवल हाती लागलं. अॅरिझोनाच्या वाळवंटात ओढे आटले की जंगली गाढवं आणि घोडे पुढच्या पायांनी वाळू उकरून खड्डे करतात, पाणी लागेपर्यंत. काही खड्डे तर दीड-दोन मीटर खोल! म्हणजे आपण नदीच्या वाळूत झिरा खणतो ना, अगदी तसंच. शास्त्रज्ञांनी तिथे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. बघतात तर काय, हरणं, पक्षी, रानमांजरं असे पन्नासहून जास्त जातींचे प्राणी या खड्ड्यांवर येत होते. सोडून दिलेल्या काही खड्ड्यांत तर नदीकाठच्या झाडांची रोपंही उगवली. म्हणजे जी गाढवं पाणी संपवतात अशी तक्रार, तीच गाढवं कडक उन्हाळ्यात इतरांसाठी पाणी काढून ठेवतात! याचा अर्थ गाढवं कितीही वाढू द्यावीत असा नाही. पण नुसतं 'उपद्रवी' म्हणून शिक्का मारण्याआधी थोडं थांबावं, बघावं. गाढव करतं तसं.

आपल्या देशातही हा पेच आहे, बरं का. कच्छच्या छोट्या रणात राहणारं रानगाढव, ज्याला गुजरातीत घुडखर म्हणतात, ते पळून गेलेलं पाळीव गाढव नव्हे. ते मुळातच वन्य. फिकट तांबूस अंग, पाठीवरून गेलेली गडद रेघ आणि वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटर. त्याला माणसाळवता येत नाही. रोगराईनं ते संपत आलं होतं. १९६९ च्या मोजणीत उरले होते फक्त ३६२. मग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला सर्वांत वरच्या यादीत घातलं, रणात अभयारण्य झालं. २०२४ च्या मोजणीत आकडा आला ७,६७२! केवढी आनंदाची गोष्ट. पण रणाच्या कडेला ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारा. रात्री घुडखर पिकात शिरतात आणि शेतकऱ्याला जागावं लागतं. न्यू मेक्सिकोतला तो गुरं पाळणारा आठवला ना?

अमेरिकेत आता काय करतात? सरकारी जमिनींची देखरेख करणारं खातं दर वर्षी काही जंगली गाढवं पकडतं आणि लोकांना दत्तक देतं. हो, दत्तक! पण बाजारातून कोथिंबीर आणावी तसं गाढव आणता येत नाही. त्याचेही नियम आहेत. दत्तक घेणारा १८ वर्षांचा तरी हवा. गाढवासाठी निदान २० फूट लांब, २० फूट रुंद कुंपणाची मोकळी जागा हवी आणि कुंपण साडेचार फूट उंच. ऊनपावसापासून आडोसा हवा. वर्षाला चारपेक्षा जास्त जनावरं मिळत नाहीत. आणि पहिलं वर्षभर गाढव तुमचं नसतंच, सरकारचंच असतं! वर्षभर नीट सांभाळलं अशी खात्री पटल्यावरच मालकीचा कागद हातात पडतो. कुणी दत्तक म्हणून नेऊन कत्तलखान्याला विकू नये, म्हणून ही काळजी. तरीही मालकी मिळाल्यावर काही जनावरं भलत्या हाती जातात, अशी तक्रार प्राणिमित्र करत असतातच.

आणि दत्तक घेणारेही पुरत नाहीत. त्या खात्याच्या हिशेबानं सगळ्या सरकारी जमिनींवर मिळून तीन हजारांच्या आतच जंगली गाढवं असावीत. प्रत्यक्षात ती त्याच्या कित्येक पट आहेत. काही जण म्हणतात, माद्यांना पिल्लं होऊ नयेत म्हणून टोचायची लस वापरा. काही म्हणतात, त्याच जमिनींवर चरणारी पाळीव गुरं आधी कमी करा, मग गाढवांकडे बघा. दोन्ही बाजूंची माणसं तावातावानं बोलतात. माझं विचाराल तर लस टोचणं हे हेलिकॉप्टरनं हाकून पकडण्यापेक्षा बरं. पण वाळवंटभर पसरलेल्या एकेका गाढविणीला शोधून टोचायचं, ते काम सोपं नाही हेही खरं.

पकडलेल्या जंगली गाढवाच्या मानेवर डाव्या बाजूला एक खूण करतात. लालभडक तापवलेल्या लोखंडानं नव्हे, तर अतिशय थंड केलेल्या लोखंडानं. त्या थंडीनं तिथले केस पुढे पांढरे उगवतात. कोनाकोनांच्या आणि रेघांच्या त्या सांकेतिक लिपीत गाढवाचा नंबर आणि जन्माचं साधारण साल लिहिलेलं असतं. म्हणजे गाढवाचं ओळखपत्रच, कधी न हरवणारं!

फेअरप्लेच्या शर्यतीत पळणाऱ्या गाढवांपैकी काहींच्या मानेवर ही पांढरी खूण दिसते. वाळवंटात ज्यांना कुणी दोरी लावली नव्हती ती ही गाढवं. आधी कुंपणात माणसाची सवय होते. मग कुणीतरी रोज येऊन नुसतं शेजारी बसतं, काही मागत नाही. काही दिवसांनी हातातून गवत घेतलं जातं. मग म्होरकी, मग दोरी, मग गावाच्या रस्त्यावरून एक फेरफटका. आणि एके दिवशी, जुलैच्या सकाळी, पाठीवर कुदळ, फावडं आणि परात घेऊन ते गाढव बाकीच्यांबरोबर उभं असतं. सुरुवातीची बंदूक उडते. सगळे पळत सुटतात.

ते मात्र अजून उभंच. कान पुढे, नाक हवेत. बंदुकीचा आवाज कसला ते आधी नीट बघून घेतंय.